मिनी रोबो-गाड्या : असली, नकली आणि पिवळ्या पडलेल्या

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की गाडीचा रोबो होणारी, मुठीत मावणारी ती ऐंशीच्या दशकातली खेळणी कोणाच्या घरी अजून शिल्लक आहेत का. वाटलं होतं दोनचार लोक लिहितील, पण पत्रं, मेसेज, फोटो, व्हॉइस नोट असा सगळा मारा झाला आणि एक जण तर सरळ डबा घेऊन दादरला ऑफिसात आले. त्यामुळे या वेळी बाकी सगळं बाजूला, फक्त मिनी गाड्या. ज्यांचे प्रश्न सारखेच होते त्यांचे एकत्र केलेत, आपला नंबर लागला नाही म्हणून रागावू नका.

प्रश्न : ताई, आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला, त्यात या सहा गाड्या. मामा दुबईला होता त्याने ८५-८६ च्या सुमारास आणल्या होत्या. सगळ्यांचे रोबो होतात. नेटवर बघितलं तर पाच नावं जुळतात पण एक पिवळी चौकोनी गाडी कुठल्याच यादीत नाही, म्हणजे तीच डुप्लिकेट असणार ना? आणि सगळ्याच गाड्या अशा बुटक्या, फुगलेल्या का? मोठे ट्रान्सफॉर्मर्स कसे खऱ्या गाडीसारखे दिसतात. एकेक बघून परीक्षण करून सांगा, आणि विकू का ठेवू तेही सांगा.
(गिरगावातून आता तात्पुरते बोरिवलीला गेलेले एक वाचक)

उत्तर : तुम्ही डबा घेऊन आलात हे बरं केलंत, फोटोवरून या गाड्यांबद्दल बोलायला मला आवडत नाही, कारण यांचं अर्धं परीक्षण बोटांनीच होतं.

आधी बुटकेपणाचं सांगते, कारण हा प्रश्न निदान दहा जणांनी तरी विचारलाय आणि बहुतेकांना वाटतं की पैसे वाचवायला कंपनीने असं केलं. तसं नाहीये. ट्रान्सफॉर्मर्स हे नाव १९८४ मध्ये अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने दिलं, पण खेळणी जपानच्या ताकारा कंपनीची, आणि तीही एका मालिकेतली नव्हेत, दोन वेगवेगळ्या मालिकांतली. एक डायक्लोन. तिच्यातल्या गाड्या खऱ्या गाडीचं प्रमाण धरून छोट्या केलेल्या, आत बसायला चिमुकला ड्रायव्हरसुद्धा असायचा. मोठे ऑटोबॉट, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सच्या गोष्टीतले चांगल्या बाजूचे रोबो, बहुतेक तिकडून आले. दुसरी मायक्रोमॅनची मायक्रो चेंज मालिका, १९८३ ची. तिची कल्पना अशी की बोटभर उंचीचे लोक आपल्या घरात लपून राहतात आणि आपल्याच वस्तूंचे त्यांनी रोबो केलेत. म्हणून त्या मालिकेत कॅसेट प्लेयर आहे, कॅमेरा आहे, पिस्तूल आहे, आणि प्रत्येक वस्तू खऱ्या मापाची आहे. आता त्याच घरात पोराच्या खेळण्यातली गाडीही असणारच की! तर तुमच्या डब्यातली पिवळी बीटल ही फोक्सवॅगन बीटलची छोटी प्रतिकृती नाहीच, ती *खेळण्यातल्या बीटलची* खऱ्या मापाची प्रतिकृती आहे. ताकाराच्याच चोरो-क्यू नावाच्या बुटक्या गाड्या तेव्हा जपानात पोरांच्या हातात होत्या, त्याच घाटाची. हॅस्ब्रोने दोन्ही मालिका एका नावाखाली विकल्या, म्हणून शेजारी ठेवल्या की या गाड्या विजोड दिसतात. मला विचाराल तर हा बुटकेपणाच यांची शान आहे. आणि परीक्षणही त्याच हिशोबाने करायचं : आधी गाडी म्हणून टेबलावर नीट पळते का, हातात बसते का, मग रोबो. रोबो हा बोनस.

आता एकेक.

पिवळी बीटल म्हणजे बंबलबी, ही सगळ्यांना माहिती. तुमची बरीच खेळलेली आहे, टपावरचा पिवळा रंग एका बाजूला गडद झालाय आणि एक टायर चिरलाय, पण सांधे अजून घट्ट आहेत. पुढचा भाग ओढला की पाय लांब होतात, बाजूंनी हात बाहेर येतात, मागचं उलटलं की डोकं दिसतं, संपलं काम. पाच वर्षांच्या पोराला कागद न बघता जमतं आणि पन्नाशीच्या माणसालाही चष्म्याशिवाय जमतं. आजकालचे रोबो घ्या, तीस-तीस स्टेप, मध्येच कुठेतरी काहीतरी कट्कन मोडतं आणि मग यूट्यूब लावून बसा. कार्टून बघून ज्यांनी हे खेळणं मागवलं ते लोक चेहऱ्यावरून नाराज होतात कारण तो गोड गोल चेहरा खेळण्यावर नाहीच, इथे यंत्राचा थंड चेहरा आहे. मला तोच आवडतो. वाद घालायचा असेल तर पत्र लिहा.

लाल क्लिफजंपर. पोर्शच्या घाटाची गाडी, आतलं मशीन डिट्टो बंबलबीचं, फक्त वरचं कवच बदललंय. दोन्ही हातात धरून एकदम बदलून बघा, बोटं त्याच जागी जातात. याचे स्टिकर मात्र पार गेलेत आणि एका हातावर कोणीतरी, बहुतेक तुमच्या धाकट्या भावानेच, बॉलपेनने काहीतरी लिहिलंय. ते पुसू नका, निदान थिनरने तर अजिबात नको. गाडी म्हणून सहाजणांत हीच सगळ्यात देखणी. १९८६ मध्ये याच साच्यावर नवं डोकं बसवून, पिवळा रंग देऊन हबकॅप नावाने परत विकला. त्या वर्षी आणखी चार जुन्या साच्यांचं तसंच केलं : हफरचा पाइप्स, ब्रॉनचा आउटबॅक, गिअर्सचा स्वर्व्ह, विंडचार्जरचा टेलगेट. कंपनीने जुन्याच कणकेच्या नव्या पोळ्या लाटल्या, पण पोरांना चालल्या.

हफर म्हणजे केशरी ट्रक. खरं सांगू का, मला हा कधी झेपलाच नाही. मागे ट्रेलर नाही, नुसतं पुढचं डोकं, त्यामुळे गाडी म्हणून अर्धवट वाटतो, आणि रोबो झाला तरी अंग जड, पाय तोकडे. पण तुमच्या डब्यातला सगळ्यात चांगल्या कंडिशनचा हाच आहे, याचा अर्थ तुम्हालाही लहानपणी झेपला नसावा.

ब्रॉन, हिरवी जीप, लँडरोव्हरच्या वळणाची. जीप म्हणून एक नंबर, चौकोनी, दणकट, टेबलावर आपटली तरी काही होणार नाही असं वाटतं. ट्रान्सफॉर्मर्सच्या कथेत हा सगळ्या छोट्यांमध्ये ताकदवान. तुमच्या ब्रॉनवर तो काळपट चौकोनी स्टिकर आहे ना, त्याच्यावर अंगठा दाबून धरा. उष्णतेने रंग बदलून आत ऑटोबॉटचं तोंड दिसायला हवं. तुमच्याकडे ते अगदी फिकट दिसतं पण दिसतं. हे स्टिकर १९८५ पासून लावायला लागले, नकली मालापासून ओळख पटावी म्हणून. तेव्हा हा ८५ चा किंवा नंतरचा, आणि तुमच्या मामांची तारीख बरोबर जुळते. १९८४ च्या पहिल्या मालावर हे नसायचंच, म्हणून बाकीच्यांवर दिसलं नाही तर लगेच घाबरू नका.

आता निळा-लाल गिअर्स. हा डुप्लिकेट आहे. वजन हातात घेतल्याबरोबर कमी लागतं, कडांना साच्याची पापडी तशीच सोडलीये, लाल रंग थोडा गुलाबीकडे झुकतो, आणि जिथे ताकाराचं नाव आणि साल उठवलेलं असायला हवं ती जागा गुळगुळीत आहे, म्हणजे साचा काढताना नाव घासून टाकलंय. तेव्हा दुबई काय, हाँगकाँग काय आणि आपल्याकडचं मनीष मार्केट, मुसाफिरखाना काय, असली-नकली एकाच टोपलीत विकलं जायचं. मामांना दोष देऊ नका. आणि गंमत म्हणजे खेळायला हा ठीकठाक आहे, फक्त कमरेचा सांधा ढिला.

राहिली ती पिवळी चौकोनी, जी तुम्ही मला "ही ठेवून घ्या हवी तर" म्हणून देत होतात! अहो, तीच तर डब्यातली खरी गंमत आहे. मायक्रो चेंजमध्ये बंबलबी आणि क्लिफजंपरच्या जोडीला त्याच मशीनची तिसरी गाडी होती, माझदाची फॅमिलिया. हॅस्ब्रोने तेव्हा तिला ट्रान्सफॉर्मर्समध्ये अधिकृत नावच दिलं नाही, पण सुरुवातीच्या मालात ती क्लिफजंपरच्या आणि बंबलबीच्या कार्डावर, म्हणजे पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर, चिकटून दुकानात गेली. नाव नाही म्हणून यादीत नाही. गोळा करणाऱ्यांनी मग दोघांची नावं जोडून तिला बंबलजंपर म्हणायला सुरुवात केली. तुमच्या गाडीवर ताकाराचा शिक्का व्यवस्थित आहे, मी भिंगाने बघितला. आणि हबकॅपही पिवळा असतो म्हणून गोंधळ नको, तो क्लिफजंपरच्या घाटाचा, उतरत्या नाकाचा. ही सरळ डब्यासारखी आहे.

तेव्हा सहांपैकी पाच असली, एक नकली, आणि १९८४ च्या मूळ सहांमधला विंडचार्जर तुमच्याकडे नाही. तोही मुठीत मावणारा, पोटमाळ्यावर परत एकदा हात फिरवा, खोलीचा ताबा द्यायच्या आधी.

विकायचं म्हणाल तर मी तरी इतक्यात विकणार नाही. विकायच्याच असतील तर सगळ्या मिळून एवढे देतो असं म्हणणाऱ्याला तर मुळीच नको, कारण त्याने ती चौकोनी ओळखलेली असते आणि बाकीच्या पाच फक्त बोलायला. नेटवर किंमत बघताना लोकांनी *मागितलेली* किंमत बघू नका, ती कोणीही काहीही लिहितो, *विकल्या गेलेल्या* मालाचा आकडा बघा आणि तुमच्यासारख्याच खेळलेल्या, कार्ड नसलेल्या पीसचा बघा. सीलबंद कार्डाचा आकडा बघून रात्रीची झोप घालवून घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला चार वर्षं पूर्ण झालीत, गाड्यांचं वेड आहे. माझ्या भावाच्या जुन्या रोबो-गाड्या त्याला खेळायला दिल्या तर चालतील का?
(डोंबिवलीहून एक आई)

उत्तर : नको. असली असतील तर मोडतील आणि भाऊ बोलणार नाही, नकली असतील तर त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, आणि चिरलेल्या टायरचा तुकडा सरळ तोंडात जातो. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकायच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघून सोप्या दोनतीन स्टेपचा नवा रोबो घ्या. जुन्या गाड्या तुमच्या समोर, तुमच्या मांडीवर बसून दाखवायच्या. पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की परत लिहा.

प्रश्न : ताई मी कॉलेजला आहे, चोर बाजारात शुक्रवारी जातो, जुनी खेळणी मिळतात पण कळत नाही असली कोणती. मागच्या वेळी एकाने पिवळा बंबलबी दाखवला, "ओरिजिनल जपान है" म्हणाला, मानेजवळ छोटी कडी होती. घ्यायला हवा होता का? आणि बाहेरून मागवणं स्वस्त पडतं का?
(भायखळ्याहून)

उत्तर : कडी होती ना? मग तो किचेनवाला, चाव्यांना लावायचा. या मिनी गाड्या नंतरच्या काळात किचेन म्हणूनही निघाल्यात. खेळणं वाईट नाही पण ८४ चं नाही, त्यामुळे "जपान है" ला जपानचे पैसे द्यायचे नाहीत.

हे बघ, मटन स्ट्रीटला मी स्वतःही जाते आणि माझा एकच नियम आहे, आधी हातात घ्यायचं, बोलायचं नंतर. गाडी उलटी कर. शिक्का वाच, ताकाराचं नाव आणि साल आहे का. असेल तरी लगेच खूश होऊ नको, कारण पुनर्निर्मितीवाल्या मालावरही जुनी अक्षरं राहिलेली असू शकतात. २०१८ मध्ये हॅस्ब्रोनेच अमेरिकेत जुन्या पद्धतीच्या कार्डावर बंबलबीसकट काही मिनी परत काढले होते, ते एवढे फ्रेश दिसतात की तिथेच संशय यायला पाहिजे. चाळीस वर्षांची वस्तू आणि एक ओरखडा नाही, पिनेवर गंज नाही, स्टिकरची कड उचललेली नाही? मुंबईच्या हवेत? शक्यच नाही, असली तर ती एखाद्या थंड देशातल्या कपाटातून थेट आलेली असणार आणि मग ती चोर बाजारात काय करतेय.

मग सांधे. एकदा बदलून बघायची परवानगी माग. विकणारा बदलू देत नसेल तर आत काहीतरी चिकटवलंय असं धरून चाल. कमरेची पिन आणि हाताची खाच इथे बारीक पांढरी रेष दिसते का बघ, ती तड जायची सुरुवात असते. एका हाताचा रंग दुसऱ्या हातापेक्षा वेगळा असेल तर दोन मोडक्यांचा एक केलाय, त्यालाही गिऱ्हाईक असतं पण भाव वेगळा.

विचित्र रंग दिसला म्हणजे नकलीच असंही नाही बरं का. त्या काळात ब्राझीलमध्ये एस्ट्रेला, मेक्सिकोत इगा, अर्जेंटिनात अँटेक्स आणि पेरूत लिन्सा या कंपन्यांनी लायसन्स घेऊन याच मिनी गाड्या काढल्या होत्या आणि त्यांचे रंग काहीच्या काही असतात. ते चोर बाजारात तुला मिळण्याची शक्यता किती, ते तूच ठरव, पण कोणा खलाश्याच्या सामानातून आलं तर आलंही. मुंबई बंदर आहे शेवटी.

घासाघीस करताना "असली" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "पोराला खेळायला पाहिजे" एवढंच.

बाहेरून मागवायचं म्हणत असशील तर आधी ड्युटीचा हिशोब कर. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून ६० वर नेली आणि २०२३ मध्ये ७० वर. त्याच्यावर बाकीचे कर, वर कुरिअर. दोन हजारची गाडी घरी येईपर्यंत कितीला पडते ते कागदावर मांडून बघ, मग शुक्रवारची ट्रेन बरी वाटेल.

प्रश्न : आमच्या ह्यांच्याकडे एक छोटी मोटरसायकल आहे, तिचा रोबो होतो, चकचकीत क्रोम आहे आणि लोखंडासारखी जड आहे. हे म्हणतात ट्रान्सफॉर्मर आहे. मुलगी म्हणते ट्रान्सफॉर्मर्समध्ये अशी गाडीच नव्हती. घरात रोज वाद. कोण बरोबर?
(ठाण्याहून)

उत्तर : मुलगी. आणि ह्यांना सांगा की त्यांच्याकडे जे आहे तेही कमी नाही.

फोटोवरून ही गोबॉट्सची साय-किल वाटते. यांचं खानदानच वेगळं. जपानात पोपी नावाच्या कंपनीने १९८२ मध्ये मशीन रोबो म्हणून मालिका काढली, छोट्या गाड्यांची किंमत ६०० येन म्हणून त्यांना ६०० सिरीज म्हणायचे. पुढच्याच वर्षी पोपी बांदाईत विलीन झाली. अमेरिकेत हीच खेळणी टोंका कंपनीने गोबॉट्स नावाने आणली, आणि पोरांच्या हातात ती ट्रान्सफॉर्मर्सच्या आधीच पोचली होती. तरीही लोक गोबॉट्सना ट्रान्सफॉर्मर्सची नक्कल म्हणतात, हे अन्यायाचं आहे, मला खरंच राग येतो. पुढे १९९१ मध्ये हॅस्ब्रोने टोंकाच विकत घेतली, म्हणजे ज्याच्याशी भांडण त्याच्याच घरात जाऊन पडले. साचे मात्र बांदाईकडेच राहिले.

जड लागते कारण ६०० सिरीजमध्ये प्लास्टिकबरोबर ओतीव धातूचे भाग वापरलेत. या बाबतीत गोबॉट ताकाराच्या मिनींना भारी पडतो, हातात घेतल्यावर वस्तू घेतल्यासारखं वाटतं. रोबो म्हणून पाहिलं तर बऱ्याच गोबॉटमध्ये गाडी नुसती उभी केल्यासारखी दिसते, पण साय-किलला ते लागू नाही, मोटरसायकलचा रोबो इतक्या कमी हालचालीत इतका छान झालेला मी दुसरा बघितला नाही. क्रोमवर मात्र बोटं फिरवू नका, कपड्याने तर घासूच नका. ते क्रोम म्हणजे पातळ मुलामा असतो, एकदा गेला की गेला, आणि आपल्या घामाने तो लवकर जातो. धरायची तर टायरला धरून.

प्रश्न : पाच सेंटिमीटरच्या चार रेसिंग गाड्या आहेत, बदलल्या की रोबो होतात पण खूपच बारीक आहेत. या पण मिनीच का?
(विलेपार्ल्याहून)

उत्तर : नाही, या मायक्रोमास्टर्स. १९८९ मध्ये आल्या, चारचारच्या पथकाने एका कार्डावर विकायचे. तुमच्या चौघी रेस कार पॅट्रोल नावाचं पथक वाटतायत. सेट म्हणून चार एकत्र असणं महत्त्वाचं, एक हरवली की मजा जाते, म्हणून वेगवेगळ्या डब्यात ठेवू नका. एवढ्याशा आकारात डोकं, हात, पाय सगळं बसवलंय हे कौतुकाचं आहे पण खरं बोलायचं तर दोन वेळा बदलून झालं की मन भरतं. नखं वाढवलेली असतील तर सोपं जातं.

प्रश्न : माझा पांढरा टेलगेट पार चहाच्या रंगाचा झालाय. नेटवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायला सांगतात. करू का? दुसरं, ह्या गाड्या पावसाळ्यात कशा ठेवायच्या? मी कपड्यांच्या कपाटात डांबर गोळ्यांबरोबर ठेवतो.
(मुलुंडहून, आणि याच अर्थाची इतर बरीच पत्रं)

उत्तर : डांबर गोळ्या *आजच्या आज* काढा, हे वाचून झालं की मासिक बाजूला ठेवा आणि उठा. त्या गोळ्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते, रंग आणि स्टिकरचा गोंदही खराब होतो. साड्यांना चालतं ते खेळण्यांना चालत नाही.

पिवळेपणाचं असं आहे की ही खेळणी बहुतांश एबीएस प्लास्टिकची, आणि एबीएसला ऊन आणि हवा लागली की त्यातला रबरासारखा घटक हळूहळू बदलतो आणि रंग पिवळट होतो. पांढऱ्यावर तो लगेच डोळ्यात भरतो, लालवर कळतही नाही, बदललेला मात्र तोही असतो. पेरॉक्साइडची युक्ती २००८ च्या सुमारास जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांनी प्रसिद्ध केली आणि ती चालते, खोटं नाही. पण काही वर्षांनी पिवळेपणा परत येतो, आणि घाई केली तर पांढऱ्यावर ढगाळ डाग पडतात जे पिवळ्यापेक्षा वाईट दिसतात.

करायचंच असेल तर पार्लरमध्ये मिळतं ते २० व्हॉल्यूमचं पेरॉक्साइड क्रीम, म्हणजे साधारण ६ टक्के, त्याच्या पुढे जाऊ नका. ४० व्हॉल्यूम घेऊन येऊ नका, त्याने हात भाजतो. ग्लोव्हज आणि चष्मा घाला. स्टिकर, रंगवलेला भाग, क्रोम, धातूची पिन यांना ते लागता कामा नये, आणि मिनी गाड्यांची अडचण इथेच आहे, बऱ्याचदा त्या पिनेने जोडलेल्या असतात, स्क्रू उघडून सुट्या करता येत नाहीत. पिन ठोकून काढायला गेलात तर प्लास्टिक फुटेल. त्यामुळे माझं मत विचाराल तर टेलगेटला चहाच्या रंगाचाच राहू द्या. जमलंच तर मऊ ब्रश, कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, स्टिकर सोडून, आणि लगेच टिपून पंख्याखाली. एवढ्याने चाळीस वर्षांचा मळ जातो आणि अर्ध्या लोकांना कळतं की पिवळं काही नव्हतंच, मळच होता.

मुंबईत खरा शत्रू ऊन नाही, जून ते सप्टेंबरची दमट हवा. पिना गंजतात, गंज फुगतो आणि आतून प्लास्टिक तडकतं, म्हणजे सांधा वापरला नाही तरी मोडतो. स्टिकरच्या कडेला बुरशी धरते. हवाबंद डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या पावसाळ्यात मध्ये मध्ये बदला. गाडी ठेवायच्या आधी पूर्ण कोरडी हवी, नाहीतर ओल आत बंद करून ठेवल्यासारखं होतं.

अजून एक, जे फारसं कोणी सांगत नाही : रबरी किंवा व्हिनिलच्या टायरची गाडी दुसऱ्या गाडीच्या प्लास्टिकला टेकवून वर्षानुवर्षं ठेवू नका. टायर मऊ राहावा म्हणून त्यात घातलेलं द्रव्य बाहेर झिरपतं आणि समोरच्या प्लास्टिकमध्ये उतरतं, तिथे चकचकीत खड्डा पडतो, टायरचा ठसाच उमटतो. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्यावरही असंच होऊ शकतं. साधा पांढरा कागद, प्रत्येकीला वेगळा, बस झालं. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

सांधा ढिला झाला म्हणून शिलाई मशीनचं तेल घालणारे पण बरेच निघाले या वेळी. तेलाने सांधा अजून ढिला होतो, घट्ट नाही, आणि काही तेलांनी एबीएसला तडे जातात. ढिल्या गाडीला रोबो करून उभं करायचंच असेल तर भिंतीला टेकवून ठेवा.

ज्यांच्याकडे १९८० च्या दशकाच्या शेवटची आणि नव्वदीच्या सुरुवातीची, सोनेरी चमचमत्या प्लास्टिकची रोबो-खेळणी डब्यात आहेत त्यांनी ती बदलायला जाऊ नका. त्या सोनेरी प्लास्टिकमध्ये मुळातच दोष आहे, वर्षं झाली की ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं आणि नुसतं हात हलवला तरी खांद्यातून तुटतं. गाडी आहे तर गाडीच राहू द्या, रोबो आहे तर रोबो.

पुढच्या अंकात चावीची पत्र्याची खेळणी घेतेय. फोटो पाठवताना खालच्या बाजूचाही पाठवा, नुसत्या तोंडाच्या फोटोवरून मला काही सांगता येत नाही.